परवा, सकाळी साडेसात

निर्णय १. तारीख आकड्यांत दाखवायची नाही. 'आज', 'उद्या', 'परवा' असं दाखवायचं.

कारण. डायलिसिस केंद्रात येणारी माणसं थकलेली असतात. 'बुधवार, १४' वाचलं की आज कोणता वार हे आधी आठवावं लागतं, मग मोजावं लागतं. 'परवा' वाचलं की काही करावं लागत नाही.

सोडलेले पर्याय. शब्द आणि तारीख, दोन्ही. (फार गर्दी होते.)

एवढंच फाईलमध्ये आहे. आमच्या प्रत्येक कामाची 'निर्णय' नावाची अशी एक फाईल असते. काय ठरवलं, का ठरवलं, काय सोडलं. पुढे कुणी हे काम हातात घेतलं तर त्याने कपाळाला हात लावू नये म्हणून. आमचं दुकान दोघांचं आहे. मी कोड लिहिते. पान दिसायला कसं असावं हे मोकळोबा ठरवतो. प्रत्येक पानावर त्याला मोकळी जागा हवी असते, आणि ती दिली की अजून हवी असते, म्हणून मोकळोबा. कंसातलं 'फार गर्दी होते' हे त्याचं.

जे फाईलमध्ये नाही ते आता याच फाईलमध्ये लिहिते आहे. मथळे पुरतील असं वाटत नाही.

काम ताईंनी मिळवून दिलं. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. केंद्राच्या काउंटरवर अकरा वर्षं बसतात. कुणाची नस सापडत नाही, कुणाला खिडकीकडची खुर्ची लागते, कुणाचा मुलगा गोड बोलतो आणि न्यायला येत नाही, सगळं त्यांना पाठ. चाळीस पेशंट, आठवड्यातून तीनदा, आणि वेळा सांगायला एक टेलिफोन. "धाकटे, माझा कान एका बाजूने चपटा झालाय बघ," असं त्या म्हणायच्या, आणि एक दिवस त्यांनीच मॅनेजरला सांगितलं की आमच्या घरात वेबसाइट करणारी आहे.

पहिला नमुना दाखवायला मोकळोबा आणि मी काउंटरवर गेलो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं : तुमची पुढची पाळी.

ताईंनी पाहिलं. शेजारच्या नर्सने पाहिलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नर्स तोंडाला रुमाल लावून आत पळाली.

"हे कुणी लिहिलं?" ताई म्हणाल्या.

"मी," मोकळोबा म्हणाला. "का? रांगेत पाळी येते ना माणसाची?"

"येते बाबा, येते. पण हे पान सत्तर वर्षांच्या आजोबांना दाखवशील, तेव्हा मी इथे नसेन याची काळजी घे."

त्या दिवशी 'पाळी'ची 'वेळ' झाली. मोकळोबाचे कान लाल होते, पण परतताना तो म्हणाला ते मला पटलं होतं. म्हणाला, "बघ, त्या हसल्या. म्हणजे पान कुणीतरी बोलल्यासारखं वाचलं त्यांनी. मला तेच हवंय. पानाने माणसासारखं बोलायचं."

निर्णय २ आणि ३ बटणांच्या रंगाबद्दल आहेत. ते सोडा.

निर्णय ४. पान एकदा उघडलं की त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवायची. पुढच्या वेळी आधी ती प्रत दाखवायची, आणि नवं पान मागून आणून ठेवायचं.

कारण. केंद्र तळघरात आहे, तिथे नेटवर्क रडतं. पेशंटांचे मोबाइल जुने, बहुतेक मुलांनी टाकून दिलेले. गोल फिरणारं चक्र बघत बसायला लागलं तर माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा टेलिफोन करेल. असं केलं की पान डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतं.

सोडलेले पर्याय. नवं पान येईपर्यंत थांबवणं. (कोण थांबतंय?)

हे कंसातलं माझं.

निर्णय ५. 'परवा' हा शब्द फक्त पुढच्या तारखेसाठी. मागच्या तारखा शब्दांत दाखवायच्या नाहीत.

या निर्णयाचा मला अभिमान होता. तारखांचे शब्द करायला मी जे तयार साधन वापरलं ते दोन दिवसांपूर्वीच्या तारखेलाही 'परवा' म्हणायचं आणि दोन दिवसांनंतरच्या तारखेलाही 'परवा'च म्हणायचं. त्यात त्याची चूक नाही, आपण तसंच म्हणतो. 'आला होता' आणि 'येणार आहे' यावरून आपल्याला कळतं. पानावर क्रियापद नव्हतं, मोकळोबाने ते जागा वाचवायला काढलं होतं. मी ते वेळेत पकडलं आणि मागच्या सगळ्या तारखा काढून टाकल्या. ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हुशार आहेस गं. माझ्या तर डोक्यातही आलं नसतं."

म्हणजे 'परवा'ची दोन तोंडं मी बघितली होती.

आता जे झालं ते क्रमाने.

सोमवारी केंद्रातली तीन मशीन पाण्याच्या शुद्धीकरणात बिघाड झाल्यामुळे बंद पडली. सोमवारच्या पेशंटांना परत पाठवलं आणि बुधवारच्या वेळा नव्याने लावल्या. ताईंनी सगळ्यांना फोन केले. पानांवरही नव्या वेळा आल्या.

त्या पेशंटांत एक बाइंडरकाका होते. पुस्तकं बांधायचा धंदा, वय अडुसष्ट, डाव्या हाताच्या बोटांना खळीचा वास कायमचा. त्यांची शेवटची वेळ शनिवारी झालेली. सोमवार हुकला. नवी वेळ बुधवारी सकाळी साडेसातची.

बुधवारी ते आले नाहीत. ताईंनी दोनदा फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. काउंटरपुढे सोमवारची आणि बुधवारची मिळून दुप्पट गर्दी होती.

गुरुवारी पहाटे ते स्वतःहून उठले, शर्ट घातला, केंद्रात जायचं म्हणून दाराशी खुर्चीवर बसले आणि तिथून खाली पडले. शनिवारपासून पाच दिवस रक्त साफ झालं नव्हतं. हृदयाचे ठोके बिघडले. ते आता मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात आहेत.

सुनेने सांगितलं, "आम्हाला परवा म्हणून कळवलं होतं. मंगळवारी कळवलं. मंगळवारी परवा म्हणजे गुरुवारच ना?"

कळवलं होतं. कुणी, हे तिने सांगितलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही. केंद्रात कळवण्याचं काम एकाच बाईचं आहे.

शुक्रवारी दुपारी ताईंचा फोन आला. "धाकटे, मी सोमवारी केला असेन ना गं त्यांना फोन? का मंगळवारी? वहीत टिक आहे, पण टिकेला तारीख नसते. चाळीस फोन केले मी. सोमवारी सगळे झाले असं मला वाटतंय, पण शेवटचे चार-पाच मंगळवारवर गेले असतील तर? तर मंगळवारी मी तोंडाने 'परवा' म्हणाले असेन. सवयीने. दिवसभर तेच म्हणत होते."

"तुम्ही नसाल म्हणालात."

"तुला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून मी नोंदी काढल्या. कोणत्या मोबाइलने पान कधी मागितलं याच्या नोंदी सर्व्हरवर असतात.

बाइंडरकाकांचा मोबाइल : सोमवार, दुपारी १ वाजून १० मिनिटं. मंगळवार, संध्याकाळी ७ वाजून ४ मिनिटं. त्यानंतर काही नाही.

मंगळवारी सात वाजून चार मिनिटांनी सुनेने विचारलं असणार, बाबा, कधी जायचंय? त्यांनी मोबाइल काढला असणार. पान पापणी लवायच्या आत उघडलं असणार. सोमवारची प्रत.

डोळ्यांसमोर : परवा, सकाळी साडेसात.

त्यांनी सुनेला दाखवलं, पान बंद केलं, मोबाइल खिशात ठेवला. मागून नवं पान येऊन पोचलं.

खिशात : उद्या, सकाळी साडेसात.

बरोबर शब्द त्यांच्या मोबाइलमध्ये होता. ते झोपले तेव्हाही होता, बुधवारी दिवसभर होता. पान पुन्हा उघडलं असतं तर दिसला असता. पण माणूस घड्याळात वेळ बघतो, तेव्हा दोन मिनिटांनी पुन्हा बघत नाही.

निर्णय १ चुकीचा नाही. निर्णय ४ चुकीचा नाही. दोन्ही एकाच पानावर

हे वाक्य पूर्ण करत नाही. पूर्ण केलं की ते कुणीच न केलेल्या चुकीसारखं वाटतं. चूक माझी आहे. मोकळोबाला मोबाइलमध्ये प्रत असते हे नीट कळत नाही, त्याने ते कळून घ्यायचंही नसतं. दोन्ही गोष्टी माहीत असलेलं डोकं एकच होतं.

चाळीस मिनिटांत मी दुरुस्ती केली. आता पानावर वार आणि तारीख, दोन्ही. शब्द नाही. दुरुस्ती चढवताना एक ओळ लिहावी लागते, काय बदललं याची. मी लिहिलं :

'तारीख अधिक स्पष्ट केली.'

ही ओळ अजून तशीच आहे. खोडता येत नाही, नोंद कायमची असते.

मोकळोबाला सांगितलं तेव्हा तो उठला. खिडकीजवळ गेला. परत आला.

"पक्कं?"

"पक्कं."

"त्यांनी दोन्हीकडून ऐकलं असेल. फोनवर पण, पानावर पण."

"फोन सोमवारचा होता."

"तेही पक्कं?"

"नाही."

"मग?" तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "हे बघ, मी वाईट माणूस नाही. पण आपल्या करारात लिहिलंय, वेळेची खात्री काउंटरने करायची. पान फक्त सोयीसाठी. आपण आत्ता जाऊन सांगितलं तर केंद्र गेलं, आणि त्यांच्या ओळखीने आलेला दातांचा दवाखानाही गेला. आणि तुझ्या ताईंना काय, एखादी ताकीद देतील. फार तर."

"ताकीद नाही. काढणार आहेत. सुनेने तक्रार केलीय, मॅनेजरला कुणाचं तरी नाव लिहून द्यायचंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"ताईंनीच."

तो पुन्हा खिडकीकडे गेला. "गर्दी होते म्हणालो होतो मी," तो तिकडे तोंड करून म्हणाला. "दोन्ही दाखवू म्हणत होतीस तू."

"मी जोर नाही धरला."

"नाही धरलास," तो म्हणाला, आणि त्यात थोडासा दिलासा होता, तो मी ऐकला.

शनिवारबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. शनिवारी मी ताईंना फोन करणार होते. सकाळी केला नाही, कारण त्या कामावर असतील. दुपारी केला नाही, कारण त्या जेवत असतील. संध्याकाळी त्यांचाच आला, तर मी आवाज बंद करून मोबाइल उशीखाली ठेवला.

रविवार. सकाळी अकरा. ताईंचं स्वयंपाकघर. दीर बाहेर पेपर वाचतायत, ओट्यावर कुकर निवतोय. मला बोलावलंय, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि मला टाइप करता येतं.

"मॅनेजर म्हणाले, उद्या लेखी द्या," ताई म्हणाल्या. "हाताने लिहिलं तर माझं अक्षर म्हणजे तुला माहितीय, मुंग्यांची वरात. तू कर. मी सांगते."

त्या स्टुलावर बसल्या, पदर नीट केला, जसं काही फोटो काढायचाय. मी लॅपटॉप उघडला.

"लिही. माननीय व्यवस्थापक यांस. मी काउंटरवर अकरा वर्षं काम करते. आजवर माझी एकही तक्रार नाही. हे लिहू का नको?"

"लिहा."

"तूच लिहितेयस. तर. सदर पेशंटला वेळ कळवताना माझ्याकडून..." त्या थांबल्या. "सांगितलं गेलं असावं, असं लिहितात ना? 'मी सांगितलं' नको. तेवढं तरी मला ठेवू दे."

माझ्याकडून परवा असे सांगितले गेले असावे. मी हे टाइप केलं. हा शब्द मी गेल्या तीन महिन्यांत किती वेळा टाइप केला असेल. बोटं आपोआप गेली.

"पुढे. याबद्दल मी दिलगीर आहे. त्यांची सून मला ओळखते. ती गुरुवारी काउंटरवर आली तेव्हा रडत नव्हती गं, नुसती बघत होती. हे लिहू नकोस. लिही, योग्य ती कारवाई मान्य आहे. झालं?"

"ताई."

"थांब, खाली तारीख घाल. आता तारीख घातल्याशिवाय मी कागदाला हातच लावणार नाही बाई."

"ताई, तुम्ही नव्हता. पान होतं."

"काय?"

मी सांगितलं. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, पण मध्येच मोबाइलची प्रत, मागून येणारं पान, सात वाजून चार मिनिटं. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. बाहेर दिरांनी पेपरचं पान उलटलं.

"म्हणजे मी सोमवारीच फोन केला होता?"

"ते माहीत नाही. पण त्यांनी मंगळवारी पान बघितलं, आणि पानावर 'परवा' होतं. तेवढं नक्की."

"तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी कधी?"

"तुमच्या फोननंतर. तासाभरात."

त्यांनी बोटावर मोजलं नाही, पण मला दिसलं की मोजलं. शुक्रवारची दुपार, शनिवार अख्खा, आजची सकाळ. मघाशी मी टाइप केलेल्या ओळी. सगळ्या.

"आणि तू टाइप करत होतीस," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉपवरचे हात खाली घेतले.

मला वाटलं होतं त्या ओरडतील, किंवा रडतील, किंवा देवा असं म्हणून सुटल्यासारख्या मागे टेकतील. यातल्या प्रत्येकासाठी मी तयारी करून आले होते. त्यांनी वेगळंच विचारलं.

"बाकीच्यांच्या मोबाइलात आत्ता काय दिसतंय?"

"मी दुरुस्त केलंय. शुक्रवारीच."

"ते नाही विचारलं. आता, या मिनिटाला, एखाद्याने मोबाइल उघडला तर त्याला काय दिसेल?"

मी 'वार आणि तारीख' म्हणायला गेले आणि लक्षात आलं. दुरुस्तीसुद्धा नवं पानच आहे. ती मागूनच येणार. ज्याने शुक्रवारनंतर पान उघडलेलं नाही त्याला पहिल्यांदा जुनी प्रतच दिसणार, जुन्याच शब्दासकट. मी बरोबर तीच चूक पुन्हा केली होती, आणि तिच्यावर 'अधिक स्पष्ट' असं लिहून ठेवलं होतं.

"किती जण?" ताईंनी विचारलं.

मी नोंदी काढल्या. "सतरा जणांनी अजून उघडलेलं नाही."

"उद्या सोमवार. त्यातले उद्याचे कोण?"

"नऊ."

"नावं सांग."

त्या उठल्या. पिशवीतून काउंटरची वही काढली. सुट्टीच्या दिवशी ती वही घरी का होती हे मी विचारलं नाही. शुक्रवारपासून त्या तिच्यात तो सोमवार शोधत असणार. पेन घेतलं, पान उघडलं आणि डोक्यावर आधी आजची तारीख आणि वार लिहिला.

मी नाव वाचलं. त्यांनी पाठ असलेला नंबर लावला, वहीत न बघता.

"हॅलो, आजी? मी केंद्रातून. हो, रविवारी पण. आजी, उद्या सोमवार, सकाळी साडेनऊ. आज काय वार आहे सांगा मला. बरोबर. आणि उद्या? बरोबर. मोबाइलमध्ये काय लिहिलंय ते बघूच नका. मी सांगतेय ते भिंतीवर लिहा. खडूने, कोळशाने, कशानेही. ठेवते."

टिक. टिकेपुढे वेळ.

पाच झाले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी नाव वाचायचं, त्यांनी लावायचं. मध्ये दीर डोकावून म्हणाले, "काय चाललंय?" "काम," ताई म्हणाल्या, आणि ते गेले.

सहावं नाव मी वाचलं तेव्हा त्यांनी नंबर लावला आणि मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"हा तू कर."

"मी? मला ते ओळखत नाहीत."

"म्हणूनच. तू कोण ते सांग आधी. आणि का फोन करतेयस ते सांग. पान माणसासारखं बोलतं असं सांगत होतीस ना मला? आता माणसाने बोलायचं."

रिंग वाजत होती. "आणि हे," त्यांनी लॅपटॉपकडे हनुवटी केली, "माझं पुस. तुझं लिही. उद्या आठ वाजता मला आणून दे. मॅनेजरच्या हातात नाही, माझ्या. मी वाचेन आणि मग देईन. 'गेले असावे' नको त्यात कुठे."

"सुनेला?"

"तिला काय कागद देणार आहेस का? तिला मी घेऊन जाईन तुला. दुपारी."

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा. "कोण?"

"नमस्कार," मी म्हणाले. "मी डायलिसिस केंद्राची वेबसाइट केली ती. तुमच्या मोबाइलवर वेळ दिसते ना, ते पान मी केलंय. त्यात माझी चूक झालीय."

"कसली चूक?"

मी सांगायला सुरुवात केली. प्रत, मागून, नवं. ताईंनी पेनने टेबलावर टकटक केलं आणि मान हलवली : नको. मी थांबले.

"उद्या या," मी म्हणाले. "उद्या सोमवार. सकाळी साडेसातला. पानावर दुसरं काही दिसलं तर ते खोटं आहे."

"मग आधी काय दाखवत होतं ते?"

"तेही कधी कधी खोटं होतं."

पाठीमागे टीव्हीचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "बाइंडरचं तसंच झालं का?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितल्यापासून पहिल्यांदाच.

"हो," मी म्हणाले. "त्यांचं तसंच झालं."